रकूनच्या झाडाखाली कुत्री एकमेकांच्या अंगावर जातात तेव्हा (कूनहाउंड आणि नाइट हंट)

इंडियानाकर

इथे कुत्री पाळणारे पुष्कळ जण आहेत, एक-दोन पशुवैद्यही आहेत, म्हणून हा विषय इथे मांडतो. मी अमेरिकेत, पूर्व इंडियानात राहतो. इथल्या रिचमंड गावात लेबर डेच्या सुट्टीत ‘ऑटम ओक्स’ हा कूनहाउंडांचा, म्हणजे रकून नावाच्या झाडावर चढणाऱ्या अमेरिकी रानटी प्राण्याचा वासाने माग काढणाऱ्या शिकारी कुत्र्यांचा, मोठा मेळावा वर्षानुवर्षं भरत आला आहे. माझे शेजारी जन्मभर हाउंड पाळणारे. त्यांच्याकडून माझ्याकडे एक ट्रीइंग वॉकर जातीचं पिल्लू आलं. त्याचं नाव खंड्या.

ज्यांना नाइट हंट हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रात्री तीन-चार जणांचा एक गट करतात, त्याला कास्ट म्हणतात. प्रत्येकाचा एक कुत्रा. जजने सांगितलं की सगळी कुत्री एकदम रानात सोडायची आणि आपण अंधारात उभं राहून ऐकायचं. रकूनचा माग लागला की हाउंड लांब सुरात भुंकतो. आपल्या कुत्र्याचा आवाज ओळखून मालकाने जजला सांगायचं, ‘स्ट्राइक खंड्या’. यूकेसीच्या (युनायटेड केनेल क्लब, या स्पर्धांची नोंद ठेवणारी संस्था) नियमांत पहिल्या स्ट्राइकला १००, मग ७५, ५० आणि २५ गुण. रकून झाडावर चढला की कुत्रा खोडाला पुढचे पाय लावून वर बघत तुटक, भरभर भुंकायला लागतो. तेव्हा ‘ट्री खंड्या’. त्याचे १२५, ७५, ५०, २५. मग सगळे तिथे चालत जातात आणि विजेरीच्या उजेडात रकून शोधतात. दिसला तर गुण जमा, झाड रिकामं असेल तर तेच गुण वजा, ढोली किंवा दाट पानांमुळे ठरवताच येत नसेल तर गुणांभोवती नुसता गोल, म्हणजे ते ना जमा ना वजा. या स्पर्धेत रकूनला मारत नाहीत.

आता मूळ मुद्दा. खंड्या अडीच वर्षांचा नर आहे. मागच्या हिवाळ्यापर्यंत कुठल्याही कुत्र्याशेजारी झाडाला उभा राहायचा. आता दुसरा नर खोडाला लागला की अंग ताठ होतं, मानेवरचे केस उभे राहतात, भुंकणं मधेच थांबतं आणि तो बाजूला बघून गुरगुरतो. अजून चावा घेतलेला नाही. भांडण किंवा भांडायचा प्रयत्न, दोन्हींसाठी कुत्रा तिथल्या तिथे स्पर्धेतून काढतात, म्हणजे स्क्रॅच करतात. त्याची नोंद यूकेसीकडे जाते आणि पुन्हा पुन्हा घडलं तर कायमची बंदीही येऊ शकते.

क्लबातल्या काही जणांचं म्हणणं, नर आहे, एवढं चालायचंच, गप्प उतरव. मला हे पटत नाही. माझ्या कास्टमध्ये आणखी तीन माणसं आपली जिवापाड जपलेली कुत्री सोडणार असतात. त्यांना न सांगता असा कुत्रा सोडणं ही मला सरळ फसवणूक वाटते. म्हणून या मोसमात त्याला स्पर्धेला नेणं मी बंद केलं आहे. आता पुढे काय करावं, यावर अनुभवी लोकांशी बोलायचं आहे.

भटका_सह्याद्रीत

माहिती नवीन आहे, आवडली. एक शंका. हे कुत्र्यांच्या झुंजीच्या जवळ जाणारं नाही का? तिकडे हे कायदेशीर आहे?

इंडियानाकर

शंका रास्त आहे, कारण बाहेरून बघणाऱ्याला दोन्हींत कुत्री आणि स्पर्धाच दिसतात. कुत्र्यांच्या झुंजी लावणं अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत गंभीर गुन्हा आहे. इथे तर भांडणारा कुत्रा बाद होतो. हाउंड पिढ्यान्‌पिढ्या घोळक्याने पळायलाच पैदास केलेला प्राणी. दहा अनोळखी कुत्र्यांत सोडला तरी त्याचं सगळं लक्ष नाकाशी असायला हवं. झाडाखाली भांडणारा कूनहाउंड त्याच्या जातीच्या मूळ कामालाच चुकलेला असतो. म्हणून तर मला याचं इतकं लागून राहिलं आहे.

कारवानीवाला

लातूरहून लिहितोय. आमच्या घरी तीन पिढ्या कारवानी कुत्री आहेत. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद, ती रास्तच. कुत्री शेत राखतात आणि मोकळ्या माळावर पळतात. आमचा कुत्रा डोळ्याने धावणारा, तुमचा नाकाने, त्यामुळे झाडाचा अनुभव मला नाही. पण भांडणाच्या जागा आमच्याकडेही ठरलेल्या. एक भाकरीचं ताट, दुसरी वाड्याचं फाटक. माळावर चार नर एकत्र पळतील, एकमेकांकडे बघणार नाहीत. तेच चौघे फाटकात अडकले आणि बाहेरून दुसरा कुत्रा गेला, की बाहेरच्याला सोडून आपसांत जुंपतात. तुमचं झाड म्हणजे मला आमचं फाटकच वाटतं.

पशुवैद्य_नागपूर

कारवानीवाल्यांनी नेमकं सांगितलंय. फाटकात जे होतं तेच झाडाखाली होतं. कुत्रा उत्तेजनेच्या टोकावर आहे, हवी ती वस्तू समोर दिसते किंवा वासाने कळते, पण तिच्यापर्यंत पोचता येत नाही. अशा वेळी ती उत्तेजना जवळ जो असेल त्याच्यावर निघते. शेजारच्या कुत्र्याने काही केलेलं असायलाच हवं असं नाही. त्यात गर्दी, अंधार, खोडाभोवतीची अपुरी जागा आणि ‘हे झाड माझं’ ही भावना मिसळते.

वयाबद्दल. साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान कुत्रा मनाने प्रौढ होतो. नरानरांतली तेढ बऱ्याचदा तेव्हाच वर येते. काल-परवापर्यंत गोड असलेला कुत्रा असा का वागायला लागला, असं मालकांना वाटतं, पण काळ बघितला तर ते ओळीने जुळतं. खंड्याचं वय बरोबर त्यात बसतं.

पण आधी तपासणी. दुखणं असलेला कुत्रा लवकर चिडतो. हाउंडांचे कान लांब, लोंबते, आत हवा खेळत नाही, ओल राहते, त्यामुळे कानांचे आजार फार. कान आतून बघून घ्या. तुटलेला दात, पंजात रुतलेला काटा, कमरेचं दुखणं, हे सगळं बघा. खोडाला पुढचे पाय लावून तासभर उभं राहणं मागच्या सांध्यांना सोपं नाही. ज्याला तिथे दुखतं तो शेजारचा धक्का सहन करणार नाही.

आणि एक विनंती. गुरगुरण्याबद्दल त्याला रागावू नका. गुरगुर ही सूचना आहे, ती अजून मिळते आहे हे चांगलं लक्षण. मार खाऊन गुरगुरणं बंद झालेली कुत्री मी बघितली आहेत. त्यांचा राग होता तिथेच होता, सूचना तेवढी गेली होती. मग थेट दात.

रानकुत्रा७

इतकं मानसशास्त्र कशाला? रिमोटचा पट्टा घाला, गुरगुरला की झटका द्या. दोन-तीन रात्रींत सुतासारखा सरळ होईल. अमेरिकेत सगळे हेच वापरतात.

टेनेसीची_माहेरवाशीण

सगळे वापरतात हे खरं, पण कशासाठी ते बघा. माझ्या सासरी चार पिढ्या ब्लूटिक आणि प्लॉट या जातींचे कूनहाउंड आहेत. कुत्रा रकून सोडून हरणामागे पळायला लागला की त्याला परतवायला आमच्याकडे पट्ट्याचं बटण दाबतात. तेव्हा कुत्रा एकटा, हरणामागे, आणि झटक्याचा संबंध तो हरणाच्या वासाशी जोडतो. झाडाखाली तेच केलं तर समोर काय असतं? दुसरा कुत्रा. मग तो संबंध त्याच्याशी जुळतो. आमच्या सासऱ्यांचा नियम साधा आहे. झाडापाशी रिमोट खिशातून काढायचा नाही.

पशुवैद्य_नागपूर

अगदी हेच. वेदना झाली तेव्हा डोळ्यांसमोर जो होता, तो वेदनेचं कारण ठरतो. पुढच्या वेळी तो जवळ यायच्या आतच हल्ला होतो. पशुवर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ च्या निवेदनात, आक्रमक कुत्र्यांसाठीसुद्धा बक्षिसावर आधारलेलंच प्रशिक्षण वापरावं, असं स्पष्ट म्हटलं आहे. @रानकुत्रा७, दोन रात्रींत गप्प झालेला कुत्रा म्हणजे सुधारलेला कुत्रा नव्हे.

भटका_सह्याद्रीत

ताई, प्रत्यक्ष जुंपली तर काय करता? मध्ये हात घालायचा की नाही?

टेनेसीची_माहेरवाशीण

हात अजिबात घालायचा नाही, गळपट्ट्याकडे तर मुळीच नाही. माणसांना चावे बसतात ते बहुतेक तिथेच. पण जुंपण्याच्या आधीचं सांगते, कारण नव्वद टक्के काम तिथे होतं.

कास्ट झाडाजवळ पोचताना पळत, ओरडत जायचं नाही. मालकांचा गलका ऐकून कुत्री आणखी चढतात. जजने कोण झाडाला आहे ते बघितलं की प्रत्येकाने आपल्या कुत्र्याकडे मागून, कमरेच्या बाजूने जायचं, साखळी अडकवायची आणि सरळ मागे ओढायचं. बाजूला वळवायचं नाही. बाजूला वळला की त्याचं तोंड शेजारच्याच्या तोंडासमोर येतं आणि ठिणगी पडते. वेगवेगळ्या झाडांना बांधायचं, अशा बेताने की दोन्ही साखळ्या पूर्ण ताणल्या तरी कुत्री एकमेकांना पोचू नयेत. हे अंधारात, चिखलात, काट्यांत करायचं असतं, त्यामुळे सवय हवी. आमच्याकडे दहा-बारा वर्षांच्या मुलांना पहिलं काम हेच शिकवतात.

तोंडावर भुंकणं हा वेगळा प्रकार आहे. काही कुत्री झाडाकडे बघायचं सोडून शेजारच्याच्या थोबाडावर भुंकतात. ते भांडण नसतं, पण सोसणारा कितीही शांत असला तरी एका रात्री त्याचा बांध फुटतो, आणि मग बाद होतो तो बिचारा. जज अनुभवी असेल तर आधीपासून बघून ठेवतो.

आता जुंपलीच तर. दोन माणसं लागतात. दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांड्यांपाशी धरून उचलायचे आणि मागे सरकायचं, थोडं गोल फिरत, म्हणजे कुत्रा वळून आपल्याला चावणार नाही. एकाने दातात पकड घेतलेली असेल तर हिसका देऊ नका, मांस फाटतं. पकड सुटेपर्यंत पाय उचलून धरून ठेवायचं. एकटेच असाल तर साखळीचा फास एकाच्या कमरेभोवती टाकून ती झाडाला बांधा आणि मग दुसऱ्याला मागून ओढा. जीपीएसच्या पट्ट्यात दुसऱ्याचा जबडा अडकतो, असंही घडतं. तेव्हा ओढाओढ केली तर दोन्ही कुत्री घाबरून आणखी चवताळतात, पट्टाच कापायला लागतो. चाकू बरोबर हवाच.

कारवानीवाला

ताई, हे छापून ठेवण्यासारखं आहे. मागचे पाय उचलायची पद्धत आमच्या आजोबांचीपण होती.

पण भांडणाचा निवाडा कोण करतो? रात्री, झाडीत, कोणी सुरू केलं हे कळतं का?

इंडियानाकर

हा या खेळातला सगळ्यांत नाजूक भाग. नियमाचा अर्थ असा, की हल्ला करणारा बाद, नुसता बचाव करणारा नाही. पण आपण झाडापासून दोनशे पावलांवर असताना जुंपलेली असते. आवाज ऐकू येतो, दिसत काहीच नाही. पोचेपर्यंत दोघांच्या तोंडाला रक्त.

त्यात भर म्हणजे कित्येकदा जज हा त्याच कास्टमधला एक स्पर्धक असतो. स्कोअरकार्ड त्याच्या हातात आणि त्याचाही कुत्रा सुटलेला. निर्णय पटला नाही तर कार्डावर हरकत लिहून ती क्लबावर मास्टर ऑफ हाउंड्सपुढे, म्हणजे स्पर्धेच्या मुख्य अधिकाऱ्यापुढे, नेता येते. ही सोय चांगली आहे. पण ज्याने काही पाहिलेलंच नाही त्याला नंतर विचारून काय निघणार? मी पाहिलेल्या भांडणांत शेवटी दोन्ही कुत्री बाद झाली आणि निरपराध कुत्र्याचा मालक मूग गिळून घरी गेला. म्हणून माझं मत पक्कं आहे, की हा प्रश्न जजवर टाकायचाच नाही. ज्याला आपल्या कुत्र्याचा स्वभाव माहीत आहे, त्याने गाडीतून कुत्रा उतरवायच्या आधी निर्णय घ्यायचा.

टेनेसीची_माहेरवाशीण

गाडीवरून आठवलं. भांडणांची मुळं बऱ्याचदा गाडीतच असतात. दोन अनोळखी नर एका पेटीत कोंबून तासभर कच्च्या रस्त्याने आणले तर ते झाडाशी पोचायच्या आधीच एकमेकांवर उखडलेले असतात. प्रत्येकाला वेगळी पेटी हवी. सोडायच्या जागी साखळीवर धरून उभं राहतानाही अंतर ठेवायचं. तिथे माणसं गप्पा मारतात आणि कुत्री एकमेकांच्या डोळ्यांत बघत असतात. आणि माजावरची मादी त्या रात्री घरीच राहिली पाहिजे.

पशुवैद्य_नागपूर

जखमांबद्दल थोडं. सुळ्याची जखम वरून टाचणी टोचल्यासारखी, पण आत कातडी आणि स्नायू सुटलेले असू शकतात. बाहेरून बरी दिसते आणि तीन दिवसांनी आत पू होतो. त्याच रात्री केस कापून धुवा आणि सकाळी वैद्याकडे न्या. माणसाला दात लागला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं. धनुर्वात आणि रेबीज दोन्हींचं बघायला हवं. अमेरिकेच्या पूर्व भागात रकून हा रेबीजचा एक मोठा वाहक आहे, तिथे जंगलात रकूनसाठी तोंडावाटे द्यायच्या लशीची आमिषं टाकतात. त्यामुळे हाउंडचं रेबीजचं लसीकरण एक दिवसही चुकता कामा नये.

आणखी एक आजार तिथे कूनहाउंडांच्याच नावाने ओळखला जातो, कूनहाउंड पॅरालिसिस. रकूनने चावा घेतला की साधारण एक-दोन आठवड्यांनी मागचे पाय लुळे पडायला लागतात, मग पुढचे, भुंकण्याचा आवाजही बदलतो. शेपूट मात्र बऱ्याचदा हलत राहते. बहुतेक कुत्री काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उठतात, पण तोवर कूस बदलणं, खाणं-पाणी भरवणं, सगळं माणसाला करायला लागतं. भांडणानंतर कुत्रा लंगडायला लागला तर ती भांडणाचीच जखम आहे असं धरून बसू नका. त्याआधी रकूनशी झटापट झाली होती का, हेही वैद्याला सांगा.

रानकुत्रा७

पट्ट्याचं पटलं. पण मग खच्चीकरण? त्याने नर थंड पडतो ना?

पशुवैद्य_नागपूर

कधी फरक पडतो, कधी नाही. नरानरांतल्या तेढीवर काही कुत्र्यांत उपयोग होतो. पण झाडाखालचं भांडण उत्तेजनेतून आणि मालकी हक्कातून आलेलं असेल तर तेवढ्याने सुटेल असं मी कोणालाही सांगणार नाही. आणि वर्तन एकदा सवयीचं झालं की कारण काढून टाकलं तरी सवय उरते.

टेनेसीची_माहेरवाशीण

इथे मला एक स्पष्ट बोलायचं आहे. गुण ज्या गोष्टींचे मिळतात त्या म्हणजे लवकर माग, लवकर झाड आणि झाड न सोडणं. झाडाला चिकटून राहणाऱ्या कुत्र्याला मोल आहे. ही चिकाटी आणि ‘दुसऱ्याला जवळ येऊ देणार नाही’ ही वृत्ती यांत अंतर थोडं आहे. जिंकणारा पण तिरसट नर असला तरी त्याच्याकडे माद्या येतात, कारण नावाला ग्रँड नाइट चॅम्पियन हा यूकेसीचा किताब लागलेला असतो. मग पिल्लं तशीच निघतात आणि लोक म्हणतात हल्ली कुत्री बिघडली. कुत्री बिघडली नाहीत, आपण ती तशी निवडली. आमच्या घरात एक फार देखण्या आवाजाचा प्लॉट होता, दोनदा अंगावर गेला. सासऱ्यांनी त्याची पैदास केली नाही. लोक पैसे घेऊन दारात येत होते, तरी नाही.

इंडियानाकर

हे मी अक्षरशः मान्य करतो.

खंड्याचं सांगतो. डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे तपासून आणला. डाव्या कानात जंतुसंसर्ग निघाला, औषध सुरू आहे. तेवढ्याने सगळं सुटेल असं मी धरून चाललेलो नाही. सध्या तो माझ्याबरोबर रानात एकटाच जातो. दिवसा अंगणात झाडावर रकूनचं कातडं टांगतो, तो खाली भुंकतो आणि शेजाऱ्यांची म्हातारी मादी लांब बांधलेली असते. तिच्याकडे एक नजर टाकून त्याने पुन्हा वर बघितलं की त्याला मटणाचा तुकडा मिळतो. अंग ताठलं की मादी आणखी लांब. अंतर त्याच्या अंगाकडे बघून ठरवतो, घड्याळाकडे नाही. तिच्यानंतर शांत नर, तोही लांबून.

कारवानीवाला

दादा, पुन्हा स्पर्धेला न्यायचं हे कशावरून ठरवणार?

इंडियानाकर

अनोळखी नर शेजारी खोडाला लागला आणि खंड्याचं भुंकणं तुटलं नाही, डोळे वरच राहिले, असं मला वेगवेगळ्या रानांत, वेगवेगळ्या कुत्र्यांबरोबर दिसायला हवं. आधी ओळखीच्या लोकांबरोबर, गुण नसलेल्या रात्री. सोडायच्या आधी प्रत्येकाला त्याचा इतिहास सांगणार. कोणी नको म्हणालं तर त्या रात्री तो पेटीतच राहील. हे जमलं नाही तर तो आयुष्यभर माझ्याबरोबर एकटा रानात जाईल. त्यालाही त्यात काही कमी वाटणार नाही, कारण त्याला रकून हवा आहे, चषक नाही. पैदास दोन्ही परिस्थितींत नाही.

टेनेसीची_माहेरवाशीण

मग पहिल्या गुण नसलेल्या रात्रीला आमची मादी घेऊन आम्ही येऊ. सहा वर्षांची ब्लूटिक आहे, तोंडावर भुंकलं तरी मान वळवत नाही. नवरा म्हणतोय, इंडियानाची मक्याची कापणी उरकू दे, मग कळवा.